युगांडातलं परसदार

मला झाडांची भारी आवड आहे असं आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं. युगांडात अडीच वर्षं राहून आले, परसात फणस होता, पपया होत्या, कृष्णकमळाला फळं लागायची, असं मी हळदीकुंकवाला सांगते आणि बायका डोळे मोठे करून ऐकतात. त्याच परसापायी मी एका बाईची नोकरी आणि डोक्यावरचं छप्पर दोन्ही घालवलं, हे मात्र सांगत नाही. हातात वाण आणि कपाळाला हळद असताना असलं काही तोंडातून निघत नाही. इथं सांगते, आणि मी चांगली दिसावी म्हणून काही झाकून ठेवणार नाही.

सुरुवात रागानं झाली. माझा नवरा इथल्या एका साखर कारखान्यात चीफ केमिस्ट होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते, पण रागाची गोष्ट अहो-जाहोत सांगता येत नाही. तो रिटायर झाला त्याच वर्षी मीही शाळेतून रिटायर झाले. तीस वर्षं पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, डबे भरले, सातची एसटी गाठली; आता सकाळी दहापर्यंत पेपर वाचत बसायचं, एवढाच माझा बेत होता. तो दीड महिना टिकला. एका संध्याकाळी मी भाकरी थापत असताना त्याला फोन आला, तो फोनवरच हो म्हणाला आणि मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला म्हणाला की आपण युगांडाला चाललोय. कोल्हापुरात हे नवं नाही. इथले साखरेतले कितीतरी लोक आफ्रिकेतल्या कारखान्यांत जातात, तीन-चार वर्षं काढतात आणि परत येऊन बंगला बांधतात. त्यांच्या बायकांना कुणी विचारलं होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला तरी कुणी विचारलं नाही. बोलण्याच्या नादात तव्यावरची भाकरी करपली, तीच मी त्याला वाढली.

तिथं पोचलो तर नजर जाईल तिथवर ऊस. गडहिंग्लज ते नेसरी एसटीच्या खिडकीतून जन्मभर ऊसच बघितलेल्या बाईला विमानात घालून ऊस दाखवायला आणलं होतं. कारखान्याची वसाहत एका चढावर होती. आमच्या बंगल्यापुढं हिरवळ, तिच्या कडेनं कातरलेलं कुंपण, आणि मागं नुसतं दाट हिरवं काहीतरी. मी मागं गेलेच नाही. पहिला महिना घरातच बसून काढला. वसाहतीच्या दुकानात कोबी, बटाटे आणि सुकलेली भेंडी मिळायची. बॅगेत आणलेली कांदा-लसूण चटणी मी चमच्यानं मोजून वाढत होते, आणि नवरा मात्र कोबी खाऊनही खूश होता. त्याच्या त्या खुशीचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

परसाच्या टोकाला एक खोली होती. तिथं बंगल्याची माळीण राहायची. वयानं माझ्याएवढीच, हाडापेरानं मजबूत, सोबत तिची म्हातारी आई. खोली नोकरीबरोबर मिळालेली होती. नोकरी गेली की खोली गेली. हे मला पहिल्याच दिवशी नवऱ्यानं सांगितलं होतं, म्हणजे माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही. ती पहाटेच खराट्यानं माझ्या खिडकीखाली झाडायला लागायची. पहिल्या दिवशी मला बघून तिनं हातातलं काम थांबवलं, काहीतरी लांबलचक विचारलं, बहुतेक रात्र कशी गेली, प्रवास कसा झाला असलं. मी उत्तर न देता पडदा ओढला. त्या देशात ख्यालीखुशालीला उत्तर न देणं म्हणजे तोंडावर दार आपटण्यासारखं असतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा कळलं असतं तरी मी पडदा ओढलाच असता. दुसऱ्या दिवसापासून तिनंही विचारणं बंद केलं.

एकदा दोरीवरचा परकर वाऱ्यानं उडून मागं गेला म्हणून मला परसात उतरावं लागलं. मोटारीच्या शेडला वळसा घातला आणि समोर माठ. आपला हिरवा माठ, वाफ्यात गुडघाभर वाढलेला, पानं तळहाताएवढी. मी परकर विसरले. पलीकडे लाल भोपळ्याचे वेल, त्यांच्यामागं रताळी, ओलाव्याच्या जागी अळू. चार पपया, दोन पेरू, केळीचं बन. आणि ऐन मध्यात फणस, बुंध्यापासून वरपर्यंत लगडलेला, काही फणस इतके खाली की वाकून हात लावता यावा. दुसऱ्या एखाद्या बाईला आनंद झाला असता. मला फसवल्यासारखं वाटलं. महिनाभर मी घरात बसून कोबी चिरत होते आणि वीस पावलांवर हे सगळं उभं होतं, आणि कुणी मला सांगितलं नव्हतं. सांगणाऱ्या बाईवर मी पडदा ओढला होता, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नाही.

माळीण खुरपं घेऊन तिथंच बसली होती. मी एका मोठ्या झाडाकडे बोट केलं. पानं ओळखीची होती, खाली जमिनीवर जांभळे डागही पडले होते. ती म्हणाली, "जांबुला." कधीकाळी आपल्याकडची माणसं हे झाड तिकडे घेऊन गेली आणि नावही तिथंच राहिलं, असं नवऱ्यानं नंतर सांगितलं. त्याला ते फार गोड वाटलं. मला वाटलं, झाड आपलं, नाव आपलं, आणि टेचात बसलीय ही.

कुंपणाच्या तारेवर एक वेल चढला होता. फुलं बघून मी थबकले. कृष्णकमळ. आमच्या अंगणात होतं. आई त्याची फुलं देवाला वाहायची आणि बाहेरच्या पाकळ्या कौरव, आतले पाच पांडव असं मोजून दाखवायची. या वेलाचं फूल जरा पांढरट होतं, पण ओळख चुकण्यासारखी नव्हती. आणि त्या फुलांच्या शेजारी अंड्याएवढी जांभळी फळं लोंबत होती. साठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं की कृष्णकमळाला खायचं फळ धरतं. मी एक फोडलं. आत बियाच बिया, पिवळा आंबट रस, वास असा की तोंडाला पाणी सुटलं. तिथं उभ्या उभ्या मी सहा फळं खाल्ली. माळीण बघत होती. मी तिला एक दिलं नाही. तिचंच फळ तिला कशाला द्यायचं असं नाही, ते तिचं असेल हा विचारच माझ्या मनाला शिवला नाही.

त्या संध्याकाळी मी नेसरीला अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला फोन केला. महिनाभर मी तिच्यापाशी फोनवर रडत होते, त्यामुळे ती आधीच वैतागली होती. फणस, माठ, जांभळं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग खायाचं सोडून रडत काय बसलीयास? आयतं हाय की समदं." अक्काचा शब्द मला लागला आणि पटलाही. दुसऱ्या दिवसापासून मी पाटी घेऊन परसात उतरायला लागले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मीच, पण तेव्हा मला मी नागोबा वाटत नव्हते. वाटत होतं, मला इथं न विचारता आणलंय, तर निदान एवढं तरी माझं आहे.

पहिला दणका माठाला बसला. आमच्याकडे कोवळा माठ मुळासकट उपटतात, माती झटकून जुड्या बांधतात. मी तेच केलं. अख्खा वाफा उपटला, आठ जुड्या झाल्या, वसाहतीतल्या सहा घरांना वाटल्या आणि कौतुक करून घेतलं. माळीण दुपारी आली आणि उघड्या मातीकडे बघत उभी राहिली. तिकडे माठ उपटत नाहीत. वरची पानं खुडतात, झाड फुटत राहतं, महिनोन् महिने तोच वाफा घर चालवतो. हे तिनं मला हातवारे करून सांगितलं, मोडक्या इंग्रजीत सांगितलं, शेवटी एका राहिलेल्या रोपाची पानं खुडून दाखवली. मी शिक्षिका. तीस वर्षं मी दुसऱ्यांना शिकवत आले होते, आणि आता एक माळीण मला भाजी शिकवणार? मी म्हटलं, परत पेर. मराठीतच म्हटलं. तिला ते कळलं असावं, कारण तिनं पेरलं.

मग केळी. वसाहतीतल्या आपल्याकडच्या मंडळींसाठी मी सत्यनारायण घातला होता. प्रसादाला केळी हवी, आणि परसात तर घडच्या घड लटकत होते. मी सगळ्यात भरलेला घड कोयत्यानं उतरवला. माळीण धावत आली, मान हलवत "नो स्वीट, नो स्वीट" म्हणत राहिली आणि चूल पेटवून उकडायची खूण करत राहिली. मला वाटलं, घड हातचा गेला म्हणून चरफडतेय. मी सामानाच्या खोलीत गवत पसरून, वर पोतं टाकून रीतसर अढी घातली, माझे वडील घालायचे तशी. सहाव्या दिवशी केळी पिवळीधमक निघाली. पूजा झाली, शिरा झाला, आणि प्रसाद तोंडात घातलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शिरा तुरट, केळ्याला चव उकडलेल्या बटाट्याची. ती जात पिकवून खायची नव्हतीच. ती हिरवी असतानाच शिजवून जेवायची, त्यांची भाकरीच ती. एक घड म्हणजे त्या मायलेकींचं आठवड्याचं जेवण होतं. मला तेव्हा त्यांच्या जेवणाचं वाईट वाटलं नाही. चारचौघांत फजिती झाली आणि ती होणार हे तिला आधीच माहीत होतं, याचाच राग आला.

तिथून आमचं उघड वैर सुरू झालं. मी सातला उतरायचे तर ती सहाला पेरू काढून न्यायची. मी सहाला उतरले तर ती पाचला. दोघींचीही वयं झालेली, दोघीही अंधारात पेरूच्या झाडाखाली धडपडत होतो. शेवटी मी माहेरची रीत काढली. आमच्याकडे राखून ठेवलेल्या फणसावर चुन्याची बोटं ओढतात. ती बघितली की शेजारीपाजारीही हात लावत नाहीत. मी शेडमधला चुना कालवला आणि तीन मोठ्या फणसांवर पाच-पाच बोटं ओढली. चार दिवसांनी त्यातला एक गायब. मी सरळ तिच्या खोलीवर गेले. दारात फणस फोडलेला, म्हातारी गरे सोलतेय, आणि फेकलेल्या सालीवर माझी चुन्याची बोटं जशीच्या तशी. मी तोंडाला येईल ते बोलले. माळीण उठली नाही. तिनं तेल लावलेल्या हातानं एक गरा काढून माझ्यापुढं धरला. मला त्यात निव्वळ उद्धटपणा दिसला. आजही मला नक्की सांगता येणार नाही की तो काय होता.

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सांगितलं, बाई चोर आहे, काढून टाका. तो घास घेता घेता थांबला. त्यानं कधीतरी ऑफिसात चौकशी केली होती. कंपनीच्या कागदावर आमची बाग म्हणजे पुढची हिरवळ आणि कुंपण, एवढीच. मागं नुसतं रान होतं. बारा वर्षांपूर्वी, आधीच्या एका साहेबाच्या परवानगीनं, या बाईनं ते एकटीनं तोडलं आणि जांभूळ सोडलं तर एकूण एक झाड स्वतः लावलं. ज्या ज्या साहेबाचं बिऱ्हाड आलं त्यानं हवं ते घ्यायचं, उरलेलं तिचं, असं चालत आलं होतं. हे सगळं त्यानं मला नीट सांगितलं. मी म्हटलं, जमीन कंपनीची, बंगला आपल्याला दिलाय, फळ आपलं.

मग तो बोलला, आवाज न चढवता. "तुझ्या बाच्या आंब्याचं काय मग? झाड लावंल त्याचं, म्हणत हुतीस न्हवं?"

हे त्यानं काढायला नको होतं. माझ्या वडिलांनी बांधावर आंबा लावला होता, पाणी घालून वाढवला होता. पुढं मोजणी झाली आणि बांध हातभर सरकला, झाड चुलत्याच्या हद्दीत गेलं. चुलत्यानं पहिल्याच वर्षी आंबे उतरवून घेतले. वडील मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. मी चुलत्याच्या मुलीच्या लग्नाला गेले नाही, आणि जमीन कुणाचीही असो, झाड लावणाऱ्याचंच, असं या नवऱ्याशी मी पन्नासदा भांडले होते.

"त्याचा हितं काय संबंध?" मी म्हटलं. "मला न इचारता आणलंसा. आता ती ऱ्हाईल न्हाईतर मी."

तो हात धुवायला उठला. मी खरंच निघून जाईन अशी त्याला भीती होती, आणि मला आणलं ते विचारून आणलं नाही, हे त्यालाही डाचत होतंच. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात जाऊन सांगून आला. एवढ्या वर्षांच्या संसारात माझं म्हणणं त्यानं पहिल्यांदा मुकाट्यानं ऐकलं, आणि ते हे.

तिला तीन दिवस दिले. तिनं वाद घातला नाही, माझ्या दारात आली नाही. तिसऱ्या दिवशी एक मोटरसायकलवाला आला. आधी त्यानं दोन गाठोडी नेली, मग परत येऊन म्हातारीला मध्ये बसवलं आणि मागं ही बसली. मी पडद्याआडून बघत होते. तिनं परसाकडे वळून बघितलं नाही. मला ते बरं वाटलं, म्हणजे तिला फारसं काही वाटत नसणार, असं मी स्वतःला समजावलं. त्या दिवशी मी पाटीभर पेरू तोडले आणि एकही खाल्ला नाही.

कंपनीनं नवा माळी पाठवला. त्याच्याकडे गवत कापायचं यंत्र होतं आणि हातात कागद होता. कागदावर मागच्या झाडांचा उल्लेख नव्हता. शिवाय तिथं साप होतात अशी तक्रार आधीपासून पडून होती. मी दोन दिवस दुसऱ्या एका कारखान्याच्या वसाहतीत ओळखीच्यांकडे मुक्कामाला गेले होते. परत आले तेव्हा वाफे सपाट होते, केळी, पपया, पेरू आडवे, अळू खणून काढलेलं, कुंपणाच्या तारेवरचा वेल ओढून काढलेला. फणस आणि जांभूळ तेवढे उरले, मोठी झाडं तोडायचा त्याला हुकूम नव्हता. मी आरडाओरडा केला. त्यानं मला कागद दाखवला. जे मी नवऱ्याला जेवताना सांगितलं होतं, तेच त्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं होतं: जमीन कंपनीची.

पुन्हा कोबी सुरू झाला. उरलेले दिवस मी तिथं काढले. सोडून जायची धमकी दिलेली बाई मी, पण कुठल्या तोंडानं जाणार होते? नवरा त्यावर एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी भांडले तरी असते.

निघायच्या आधी काही महिने मी मोठ्या रस्त्यावरच्या बाजारात गेले. माठ मिळतो असं कुणीतरी सांगितलं होतं. मिळत होताही. बायका जमिनीवर पोतं अंथरून बसल्या होत्या, आणि त्यांच्यात ती होती. जरा वाळली होती. पुढ्यात माठाच्या खुडलेल्या पानांच्या जुड्या नीट रचून ठेवलेल्या, शेजारी थोडे पेरू, कुणाच्या तरी झाडाचे. म्हातारी दिसली नाही. मी विचारलं नाही. मी तिच्यासमोर उभी राहिले, पहिल्यांदा तिची खुशाली विचारली, त्यांच्या भाषेत, अडखळत. तेवढं मी एव्हाना शिकले होते. तिनं उत्तर दिलं, पुरतं, रीतीप्रमाणे, आणि मला उलट विचारलंही. मग मी पिशवी पुढं केली आणि माठाकडे बोट दाखवलं.

तिनं जुडी उचलली. मला वाटलं, देतेय. तिनं ती माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिली आणि माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मॅडम, यू हॅव गार्डन."

तिला त्या परसाचं काय झालं ते माहीत होतं की नव्हतं, मला कळलं नाही. मी रिकामी पिशवी घडी घालून काखेत मारली आणि चढ चढून बंगल्यावर आले. नवऱ्यानं विचारलं, माठ मिळाला का. मी म्हटलं, आज आलाच नव्हता.